लोकल नक्की कोणाची? मुंबईची, राज्याची की दिल्लीची?

बदलापूरकरीण

नमस्कार मंडळी.

गर्दी, लटकंती आणि मेगाब्लॉक यांवर इथे धाग्यांना तोटा नाही, त्यामुळे त्यात भर घालत नाही. माझा प्रश्न पैशाचा आणि मालकीचा आहे.

मी बदलापूरहून घाटकोपरला लोकलने येते आणि तिथून मेट्रोने चकाल्याला. आता महिन्याचा हिशेब बघा. बदलापूर ते घाटकोपर पन्नासेक किलोमीटर, सेकंड क्लासचा पास. घाटकोपर ते चकाला जेमतेम पाच-सहा किलोमीटर, सहावं स्टेशन. या टीचभर तुकड्याला महिन्याकाठी पासाच्या तिप्पट तरी पैसे जातात. मेट्रो महाग म्हणून रडत नाहीये. एसी आहे, दारं बंद होतात, हातातली पर्स हातातच राहते. मला कळत नाही ते हे, की एकाच शहरात, एकाच माणसाच्या एकाच प्रवासात हे दोन हिशेब इतके वेगळे कसे?

२०१६ मध्ये रेल्वेच्या तिकिटावर छापून यायला लागलं होतं, की तुमच्या भाड्यातला ४३ टक्के भार देशाची सामान्य जनता उचलते. आठवतंय ना? ते वाचून मला अपराधी वाटण्याऐवजी रागच आला होता. सामान्य जनता म्हणजे कोण, मीच की!

ऑफिसात डबा खाताना यावरून रोज वाद. एक गट म्हणतो, लोकल रेल्वेकडून काढून राज्याला द्या. मेट्रोसारखी वेगळी कंपनी, वेगळा जमाखर्च. दुसरा गट म्हणतो, तसं झालं की पहिल्याच वर्षी पास तिप्पट. माझे सासरे वेगळंच सांगतात. त्यांच्या मते पासाला हात लावायची कुठल्याही सरकारची छाती नाही, आणि पुरावा म्हणून ते दर वेळी २०१४ चा जून काढतात.

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ ला, ते ‘मुंबई वन’ ऍप आलं. लोकल, मेट्रो, बस, सगळ्यांची तिकिटं एका मोबाइलवर. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण भाडं काही एक झालं नाही. तिन्ही तिकिटांची बेरीज होते आणि ती एका पडद्यावर दिसते, इतकंच.

तर विचारायचं हे, की लोकलचे निर्णय घेतं कोण? राज्याचा यात पैसा आहे का? आणि असेल तर पैशाबरोबर अधिकार का येत नाही? रेल्वेत काम केलेलं कुणी असेल तर फार बरं होईल. पक्षांची उणीदुणी कृपया नकोत, त्यासाठी वेगळा विभाग आहे.

पेठेतला

तुमच्याकडे भांडायला लोकल तरी आहे!

पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. आजही त्याच दोन रुळांवरून मुंबईच्या सगळ्या एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात आणि उरलेल्या फटीतून आमची लोकल. मेट्रो मार्च २०२२ ला आली, सप्टेंबर २०२४ ला भुयारातून स्वारगेटला पोचली. छान आहे, मी स्वतः वापरतो. पण कासारवाडीला आणि दापोडीला लोकलचं स्टेशन आणि मेट्रोचं स्टेशन हाकेच्या अंतरावर आहेत. दोघांचं वेळापत्रक जुळवावं असं कुणालाही वाटत नाही, कारण ते कुणाचंच काम नाही. एक रेल्वे मंत्रालयाचं लेकरू, दुसरं महामेट्रोचं.

दौंडचं तर बोलायलाच नको. रोज हजारो माणसं पुण्याला येतात-जातात, तरी तो मार्ग ‘उपनगरी’ ठरावा म्हणून लोक वर्षानुवर्षं निवेदनं देतायत. हा शिक्का पुण्यात मिळत नाही, मुंबईत मिळत नाही, तो दिल्लीहून येतो. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

निवृत्त_कंट्रोलर

बदलापूरकरीण ताई, मी मुंबई विभागात कंट्रोलला होतो, म्हणजे कुठली गाडी आधी सोडायची आणि कुठली धरून ठेवायची ते ठरवणाऱ्या टेबलावर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्यात म्हणतात की माणूस कंट्रोलमधून सुटतो, कंट्रोल माणसातून सुटत नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ‘कोण’. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे. त्यामुळे लोकलचं भाडं, नवे रेक (म्हणजे डब्यांसकट आख्ख्या गाड्या), किती फेऱ्या, सगळ्याचा शेवटचा शब्द रेल्वे बोर्डाचा. मध्य रेल्वे मेन लाइन, हार्बर आणि ट्रान्सहार्बर चालवते, पश्चिम रेल्वे चर्चगेट ते डहाणू. मेट्रो दिसायला रेल्वेची बहीण असली तरी घर वेगळं. ती गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तिचा कायदा वेगळा, आणि भाडं ठरवायला त्या कायद्यात स्वतंत्र समितीची तरतूद आहे. देशात अपवाद एकच, कोलकाता. तिथली मेट्रो १९८४ पासून रेल्वेच चालवते, आणि म्हणूनच तिचं किमान भाडं आपल्या लोकलइतकं, ५ रुपये आहे. तुमच्या हिशेबातला फरक एसीमुळे नाही ताई. एक भाडं खासदार सांभाळतात, दुसरं समिती ठरवते.

राज्याचा पैसा? आहे, आणि थोडाथोडका नाही. १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ निघालं, त्यात रेल्वेचे ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचे ४९. एमयूटीपीची, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाची कामं हे महामंडळ करतं, खर्च साधारण निम्मा निम्मा. पण ते बांधतं, चालवत नाही. काम झालं की मध्यच्या किंवा पश्चिमच्या ताब्यात. राज्याला उद्घाटनाला खुर्ची असते, टाइमटेबलच्या बैठकीला नसते.

तुमचे सासरे बरोबर सांगतात. जून २०१४ मध्ये भाडेवाढ जाहीर झाली १४.२ टक्क्यांची, पण खरी गोम पासात होती. महिन्याचा पास १५ फेऱ्यांच्या भाड्यावर निघतो, तो ३० फेऱ्यांवर काढायचं ठरलं होतं. म्हणजे जवळपास दुप्पट. महाराष्ट्रातले खासदार रेल्वेमंत्र्यांकडे धावले आणि चार-पाच दिवसांत पासाची वाढ मागे. ऑक्टोबरात विधानसभा होती. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हीच उणीदुणी नकोत म्हणालात.

आता मला जे सांगायचंय ते. लोकल कुणाच्या नावावर आहे याने गाडी लवकर येत नाही. रूळ वेगळे झाले की येते.

आमच्या वेळी टेबलावर भलामोठा कागदी चार्ट असायचा. एका बाजूला वेळ, एका बाजूला स्टेशनं. फोनवर स्टेशनवाला गाडी गेल्याची वेळ सांगणार, आपण पट्टी लावून पेन्सिलीने तिरकी रेघ ओढणार. लोकलची रेघ एका उताराची, मेल-एक्स्प्रेसची जास्त खडी, मालगाडीची आडवी लोळलेली. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे जास्तीचा रूळ हवाच, नाहीतर एकीला धरून ठेवा. कल्याणपर्यंत चार रूळ, म्हणून रेघा वेगळ्या ठेवता यायच्या. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोन आणि कसाऱ्याकडे दोन. सकाळी घाट उतरून गाडी कर्जतला आली. पुढे सोडली तर बदलापूर-अंबरनाथच्या लोकलमागे रांगत जाणार. धरून ठेवली तर हजारावर माणसं बसलेली गाडी उभी, आणि तिच्यामागे घाटात दुसरी. गर्दीच्या वेळी लोकल आधी, हे सगळे मान्य करतात. पण एक्स्प्रेसवाल्यानेही तिकीट काढलेलं असतं. कंट्रोलरने मिनिटाभरात काहीही ठरवलं तरी एका फलाटावर त्याचा उद्धार ठरलेला.

ही अडचण लोकल राज्याला दिल्याने सुटेल? उलट आज दोन्ही गाड्या एका टेबलावर आहेत. उद्या दोन मालक झाले तर बदलापूरची लोकल आधी की पुण्याची गाडी आधी, यावर पत्रव्यवहार चालेल.

ठाणे–दिवा पाचवी-सहावी लाइन घ्या. मंजुरी २००८ ची, सुरू झाली फेब्रुवारी २०२२ ला. अंतर म्हणाल तर दहा किलोमीटरही नाही. मधे खाडी, पारसिकचा डोंगर, रुळाला लागून वस्ती, आणि काम करायचं ते रोजची गाडी चालू ठेवून, ब्लॉक मिळेल तेवढ्या तासांत. लाइन झाल्यावर मेल-एक्स्प्रेसला जुना पारसिक बोगदा मिळाला, १९१६ चा, आणि फास्ट लोकल मुंब्र्यावरून जायला लागल्या. तेव्हा कुठे मध्य रेल्वेवर ३६ फेऱ्या वाढल्या. तीन रेघांची जागा मोकळी झाली की असं होतं.

शेवटचा आकडा देतो आणि थांबतो. एमयूटीपी-३ए, मार्च २०१९ ला केंद्राने मंजूर केला, ३३,६९० कोटी. यात कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी लाइन आहे, बोरिवली–विरार पाचवी-सहावी आहे, कल्याण–आसनगाव चौथी आहे, दोन गाड्यांतलं अंतर कमी करणारी सीबीटीसी सिग्नल यंत्रणा आहे, एसी रेक आहेत. मेट्रो-३, आरे ते कफ परेड, भुयारी, ३३.५ किलोमीटर, ३७,२७६ कोटी. मेट्रो नको असं म्हणणारा मी नव्हे. कफ परेडला आणि विमानतळाला रूळ पोचले, चांगलंच झालं. पण एका मेट्रो मार्गाचा खर्च लोकलच्या आख्ख्या पुढच्या टप्प्यापेक्षा मोठा, आणि मेट्रो ऑक्टोबर २०२५ ला शेवटच्या स्टेशनापर्यंत धावायला लागली. ३ए मधल्या बऱ्याच कामांवर अजून जेसीबी उभे आहेत.

विरार_फास्ट

काका, चार्टचा परिच्छेद वाचून मजा आली. पण त्या ३६ फेऱ्यांपैकी ३४ एसी होत्या हे सांगायचं राहिलं. 😀

माझं मत जरा कडू आहे. भाडं वाढवा. किमान भाडं ५ रुपये, तेवढ्यात चहा येत नाही, आणि आपण विरारहून चर्चगेटला स्वस्तात जाऊन वर कुरकुर करतो. मे २०२२ मध्ये एसीचं सुटं तिकीट निम्म्यावर आणलं आणि बघता बघता एसी भरून जायला लागल्या. म्हणजे लोक पैसे द्यायला तयार आहेत, गाडी द्या.

बदलापूरकरीण

@निवृत्त_कंट्रोलर काका, मनापासून आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासऱ्यांची कॉलर ताठ झालीये, आता आठवडाभर ऐकावं लागणार.

@विरार_फास्ट, लोक पैसे द्यायला तयार आहेत हे तुमच्या लाइनवर खरं असेल. ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला आणि आमच्याकडे लोकांनी आंदोलन केलं ते आठवा. साध्या लोकलच्या वेळेवर एसी लोकल आणून ठेवली होती. एसीला विरोध नव्हताच कुणाचा. पण त्या वेळेला रोज जी गर्दी जायची तिचं काय? एसीत चढायचं तर पास वेगळा, नाही चढायचं तर पुढच्या गाडीत दोन गाड्यांची गर्दी. शेवटी त्या १० फेऱ्या परत साध्या झाल्या. माझ्या डब्यात घरकाम करणाऱ्या बायका असतात, अंबरनाथला चढतात, मुलुंडला आणि भांडुपला उतरतात. सकाळी तीन घरं, संध्याकाळी दोन. मुलुंड परवडत नाही म्हणून त्या अंबरनाथला राहतात आणि पास परवडतो म्हणून मुलुंडला काम करू शकतात. पास दुप्पट झाला तर त्यांचं एक घर पासात जाईल.

स्वस्त पासाचा फायदा त्यांना होतो तसाच त्या मुलुंडच्या घरांनाही होतो, आणि माझ्या ऑफिसलाही. मग त्याचे पैसे फक्त तिकीट काढणाऱ्याकडून किंवा ‘देशाच्या सामान्य जनते’कडून का घ्यायचे?

खारघर_नोड

बदलापूरकरीण, तुमच्या या शेवटच्या वाक्याला नवी मुंबईत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच उत्तर दिलं गेलंय, फक्त कुणी त्याची आठवण काढत नाही.

मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. ती रेल्वेने एकटीने नाही आणली. खर्चाचे ६७ टक्के सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने भरले, ३३ टक्के रेल्वेने. पुढचे नवी मुंबईतले मार्गही याच वाटणीने. सिडकोला परवडलं, कारण जमीन सिडकोची होती. स्टेशन येणार म्हटल्यावर भूखंडाचा भाव चढायचा आणि तो चढलेला भाव सिडकोच्याच खिशात यायचा. त्यातून पुन्हा रूळ. वाशी आणि बेलापूरची स्टेशनं बघा, डोक्यावर ऑफिसांच्या इमारती आहेत. त्या भाड्याने-विक्रीने दिल्या. शिवाय तिकिटावर अधिभार होता तो वेगळा.

सगळं गोडच होतं असं नाही. ती स्टेशनं इतकी ऐसपैस बांधली की काही ठिकाणी फलाटापर्यंत चालतानाच गाडी सुटते, आणि वरच्या मजल्यांची रया गेलेली डोळ्यांनी दिसते. उरणची लाइनही याच ६७-३३ मधली; खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८, उरणपर्यंत जानेवारी २०२४. म्हणजे पैसा असला तरी वेळ लागतोच.

पण तत्त्व बघा. आता बदलापूरला, टिटवाळ्याला, विरार-नालासोपाऱ्याला काय झालं? स्टेशनामुळे जमिनीचा भाव चढला, तो बिल्डरने आणि जमीनमालकाने घेतला, आणि गर्दी आली रेल्वेच्या वाट्याला. जाहिरातीत ‘स्टेशनपासून ७ मिनिटं’ लिहिणाऱ्याने स्टेशनाला काय दिलं?

अजून एक. एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपुरात घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रो सेस लागतो. माझ्या भावाने ठाण्यात फ्लॅट घेतला तेव्हा भरला. तो रोज जातो लोकलने, सेसच्या नावात मात्र लोकल नाही.

अड्यारकाठचा

मी मूळचा सोलापूरचा, गेली बरीच वर्षं नोकरीनिमित्त चेन्नैला. ‘लोकल राज्याला द्या’ या कल्पनेचा प्रयोग सध्या आमच्या दारात चाललाय म्हणून लिहितो.

इथे एमआरटीएस नावाची लोकल आहे. बीच स्टेशनातून निघते, पुढे बकिंगहॅम कालव्याच्या काठाकाठाने खांबांवरून वेळचेरीपर्यंत. पहिला तुकडा १९९५ चा, वेळचेरीला पोचली २००७ ला. रेल्वेने बांधली, रेल्वेच चालवते, भाडं ५ रुपयांपासून. स्वस्त आणि मोकळी गाडी, कुणालाही हेवा वाटावा. पण स्टेशनं! तिरुमयिलैला पहिल्यांदा उतरलो तेव्हा वाटलं आपण चुकून बंद पडलेल्या गिरणीत शिरलो. तीन-चार मजली उंच काँक्रीटचं सभागृह, खाली अंधार, सरकते जिने झाकून ठेवलेले, दुकानांसाठी सोडलेले गाळे रिकामे. बसचा थांबा जिन्यापासून लांब. रेल्वेच्या दृष्टीने गाडी धावली की काम झालं; स्टेशनाबाहेर पडलेला माणूस पुढे कसा जातो हे तिच्या खात्यात येत नाही. वेळचेरीपासून सेंट थॉमस माउंटपर्यंतचा पाचेक किलोमीटरचा जोड तर जमिनीच्या वादात वर्षानुवर्षं रखडला. लोकल आणि मेट्रो यांना माउंटला जोडणारा दुवा तो.

आता ही एमआरटीएस रेल्वेकडून काढून चेन्नै मेट्रोच्या ताब्यात द्यायचं चाललंय, रेल्वे बोर्डाने तत्त्वतः होकारही दिलाय. तामिळनाडूने २०१० मध्येच महानगर वाहतूक प्राधिकरणाचा कायदा केला होता, बरीच वर्षं तो कागदावरच होता. आता त्यात जीव आलाय. सप्टेंबर २०२५ ला ‘चेन्नै वन’ ऍप आलं, बस-लोकल-मेट्रो एका क्यूआरवर.

इथले लोक खूश आहेत का? स्टेशनं सुधारतील म्हणून खूश, भाडं मेट्रोच्या पातळीला जाईल म्हणून धास्तावलेले. तुमच्या ऑफिसातले दोन गट, तेच. फक्त तामिळमध्ये.

आणि काकांचा मुद्दा इथे लागू होतो. एमआरटीएस देता येते, कारण वेळचेरीकडच्या त्या रुळांवर दुसरी कुठलीच गाडी येत नाही. ना एक्स्प्रेस, ना मालगाडी. तांबरमकडे जाणारी लोकल द्या असं इथेही कुणी म्हणत नाही.

निवृत्त_कंट्रोलर

@अड्यारकाठचा, नेमकं बोललात. हाच नियम मुंबईला लावला तर हार्बर आणि ट्रान्सहार्बर देता येतील, कागदावर तरी. मालगाड्या जवळपास नाहीत, मेल-एक्स्प्रेसशी संबंध पनवेलला येतो. आणि योगायोग बघा, देशातली पहिली विजेची लोकल हार्बरवरच धावली, बॉम्बे व्हीटी ते कुर्ला, ३ फेब्रुवारी १९२५. पण मेन लाइनला हात लावू नका. डेक्कन क्वीन आणि बदलापूर लोकल यांची रेघ एकाच हाताने ओढलेली बरी.

@खारघर_नोड, सिडकोचं पटलं. पण बदलापूरला ते आता कसं करणार? जमीन सरकारची नाही आणि इमारती उभ्या राहून गेल्या. हे आधी करायचं असतं. पनवेल–कर्जत नव्या लाइनवर अजून करता येईल. चौक-मोहोप्याकडे आताच जमिनी घेणाऱ्यांच्या गाड्या उभ्या दिसतात.

आणि @विरार_फास्ट, भाडं वाढवायला माझा विरोध नाही, पण आधी ते पैसे कुठे जाणार ते सांगा. २०१७ पासून वेगळं रेल्वे बजेटही राहिलं नाही. तुम्ही दिलेला जास्तीचा रुपया विरारच्या पाचव्या लाइनला लागला की आणखी कुठे, हे तुम्हाला कुठल्या पानावर दिसणार? मुंबईतला पैसा मुंबईच्या रुळांत, एवढी हमी मिळाली तर मी स्वतः पेन्शनीतून जादा पास काढीन. मेट्रोच्या २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात एक चांगली अट आहे, शहराला सगळ्या वाहनांचं मिळून एक महानगर प्राधिकरण हवं. ते लोकलवरही चालावं, निदान भाड्याच्या आणि टाइमटेबलच्या टेबलावर राज्याला खुर्ची मिळावी. रूळ आणि गाड्या रेल्वेकडेच राहू देत.

पेठेतला

काका, पुण्याला पण एक खुर्ची. स्टूल चालेल.

विरार_फास्ट

हमीचं मान्य. पण मग मेट्रोला जशी भाडेनिश्चिती समिती आहे तशी लोकलला का नको? दर पाच वर्षांनी जूनमध्ये खासदारांना पळवण्यापेक्षा ते बरं. बदलापूरकरीण यांच्या अंबरनाथच्या बायकांना पास स्वस्त ठेवा, मिळकतीनुसार सवलत द्या, माझ्यासारख्याकडून घ्या. मी फर्स्ट क्लासचा पास काढतो, तो सेकंडच्या कितीतरी पट आहे, आणि उभा तितकाच राहतो.

बदलापूरकरीण

मिळकतीनुसार सवलत म्हणजे दाखला आला, तलाठी आला, रांग आली. त्या बायका एक दिवसाचा खाडा करून दाखला काढणार का? आत्ताचा पास खिडकीवर दोन मिनिटांत, मोबाइलवर त्याहून लवकर निघतो. ते मोडू नका.

काका, एक व्यवहाराचा प्रश्न. आमच्या सोसायटीतून आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतून पत्र द्यायचं चाललंय, कल्याण–बदलापूर तिसऱ्या-चौथ्या लाइनबद्दल. सगळे म्हणतात खासदारांना द्या. ४९ टक्के राज्याचे आहेत तर आमदारांना का नको?

निवृत्त_कंट्रोलर

दोघांनाही द्या, पण पत्रं वेगळी लिहा. फेऱ्या, पास, हॉल्ट यांसाठी खासदार. लाइनसाठी आमदार आणि जिल्हाधिकारी, कारण भूसंपादन राज्याची यंत्रणा करते आणि लाइन अडते ती बहुतेक वेळा तिथेच. पत्रात ‘काम लवकर करा’ असं लिहू नका, त्याला ‘काम प्रगतीपथावर आहे’ असं उत्तर छापून तयार असतं. किती हेक्टर हवी, किती ताब्यात आली, किती बांधकामं हटवायची बाकी आणि त्यांचं पुनर्वसन कुठे, हे चार आकडे मागा. विभागाच्या रेल्वे प्रवासी सल्लागार समितीवर तुमच्या भागातलं कुणी असेल तर एक प्रत त्यांना, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात प्रश्न येतो. मसुदा झाला की इथे टाका, स्टेशनांची आणि लाइनची नावं रेल्वेच्या कागदात असतात तशी घालून देतो.